तेरा किलोंची मोटर

श्यामलाबाई तळपदे रिटायर झाल्या आणि पुढच्याच सोमवारी शशिकांतरावांनी बोट घेतली. बायकोला विचारलं नव्हतं असं नाही. पण ते विचारणं सतरा वर्षं चालू होतं, आणि श्यामलाबाई दर वेळी ‘मी रिटायर झाले की बघू’ म्हणून विषय पुढं ढकलत आल्या होत्या. आता त्या रिटायर झाल्या होत्या. बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ही गोष्ट २००६च्या मार्चमधली. तळपदे ग्लासगोच्या शॉलंड्स भागात दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये चौतीस वर्षं राहत होते. शशिकांतराव मूळचे गिरगावातले. क्लाइड नदीवरच्या एका शिपयार्डात ते ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर त्यांनी मोठमोठ्या जहाजांचे भाग कागदावर काढले, आणि त्यातल्या एकाही जहाजातून ते कधी कुठं गेले नाहीत. शिपयार्डातल्या मित्रांच्या शिडाच्या बोटींवर मात्र शनिवार-रविवारी जायचे, दोरखंड ओढायचे, आणि घरी येऊन जेवता जेवता वाऱ्याच्या दिशा सांगायचे.

श्यामलाबाई नागपूरच्या. धंतोलीत वाढल्या. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्न होऊन गिरगावात आल्यावर, पंचविसाव्या वर्षी. ग्लासगोत आल्यावर त्यांनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं रक्ताचे नमुने तपासले. नवऱ्याबरोबर त्या बोटीवर जायच्या, पण सामानासारख्या. ‘इथं बस’ म्हटलं की इथं, ‘आता तिकडं सरक’ म्हटलं की तिकडं. थर्मास आणि डब्यांचं खातं त्यांच्याकडं असे. त्यात त्यांना वाईट वाटत नसे, पण मजाही फारशी येत नसे.

नवी बोट म्हणजे खरं तर जुनीच होती. सव्वीस फुटी, निळ्या रंगाची, नाव ‘किटिवेक’. हे समुद्रावरच्या एका पाखराचं नाव. बोटीचं नाव बदलू नये म्हणतात, म्हणून तेच ठेवलं. लार्ग्जच्या बंदरात ती उभी करायची जागा मिळाली, घरापासून गाडीनं तासाभरावर. बोटीबरोबर एक रबरी डिंगीही आली होती. डिंगी म्हणजे हवा भरून फुगवायची छोटी होडी. स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावर गावोगाव धक्के नाहीत. खाडीत मधोमध नांगर टाकायचा आणि दूध-पाव आणायलासुद्धा डिंगीत बसून काठावर जायचं.

पहिल्याच सफरीत अॅरन बेटावर लामलाशच्या खाडीत त्यांनी नांगर टाकला आणि पाव आणायला वल्ही मारत निघाले. जाताना वारा पाठीशी होता, सहा मिनिटांत पोचले. येताना तोच वारा समोरून. शशिकांतरावांनी चाळीस मिनिटं वल्ही मारली. मध्ये एकदा ते थांबले तेव्हा डिंगी निवांतपणे मागं जाऊ लागली, मग पुन्हा सुरुवात. बोटीवर चढले तेव्हा पाव भिजून लगदा झाला होता, आणि शशिकांतराव केबिनमध्ये पाठ टेकून आडवे झाले ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उठले.

“मोटर घ्यायला हवी,” ते छताकडं बघत म्हणाले.

“घेऊ की,” श्यामलाबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर शशिकांतरावांनी आलेख कागद काढला. मोटर डिंगीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी घट्ट बसवायची, तिचा पंखा पाण्यात सोडायचा, दोरी ओढून सुरू करायची. एवढीशी वस्तू, पण त्यांनी तिचा तक्ता केला. हॉर्सपॉवर, वेग, लिटरमागं किती मैल. तीन दिवसांनी निर्णय झाला: पाच हॉर्सपॉवर, फोर-स्ट्रोक.

“फोर-स्ट्रोकच का?” श्यामलाबाईंनी विचारलं.

“आवाज कमी, धूर कमी. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. आणि पाच हॉर्सपॉवर असली की कसलाही वारा येऊ दे.”

“आणि वजन?”

शशिकांतरावांनी तक्त्यात पाहिलं. वजनाचा रकाना केलाच नव्हता.

लार्ग्जला आर्ची गॅलब्रेथ नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं मोटरींचं दुकान होतं. विक्रीपेक्षा दुरुस्ती जास्त. हाताला कायम तेलाचा काळा रंग, आणि बोलणं असं पक्कं स्कॉटिश की चौतीस वर्षांनंतरही श्यामलाबाईंना दोन वाक्यांतलं एकच नीट कळे. दुकानात लाकडी घोड्यांवर मोटरी ओळीनं टांगल्या होत्या. शशिकांतराव थेट पाचवालीसमोर जाऊन उभे राहिले.

“ही जरा खाली काढता का?” श्यामलाबाई आर्चींना म्हणाल्या.

आर्चींनी ती काढून जमिनीवर ठेवली. श्यामलाबाईंनी कोट काढला, मूठ धरली आणि उचलली. उचलली गेली. दोन पावलं टाकली आणि पुन्हा ठेवली.

“पंचवीस किलो,” आर्ची म्हणाले.

“तुला कशाला उचलायला लागणार आहे?” शशिकांतराव म्हणाले. “मी आहे ना.”

“तुम्ही आहात, पण तुमची पाठ कुठं आहे? अहो, मोटर बोटीच्या कठड्यावर टांगलेली असणार. एकानं डिंगीत उतरायचं आणि दुसऱ्यानं वरून खाली द्यायची. तुम्ही खाली असलात तर वरून मी देणार. तुम्ही वर असलात तर खालून मी घेणार. कसंही केलं तरी एक टोक माझ्याकडंच.”

आर्चींना मराठी कळत नव्हतं, पण विषय बरोबर कळला. त्यांनी कोपऱ्यातून एक स्टूल आणून ठेवलं. श्यामलाबाई त्यावर चढल्या, नवऱ्याला खाली जमिनीवर बसवलं, आणि आर्चींना म्हणाल्या, “मी बोटीवर आहे आणि हे डिंगीत. आता एकेक द्या.”

दुकानात आलेलं एक जोडपं हे बघत उभं राहिलं. बावन्न वर्षांचा असताना जो माणूस भर मीटिंगमध्ये चीफ इंजिनिअरशी भांडला होता, तो आज चौसष्टाव्या वर्षी फरशीवर मांडी घालून, दोन्ही हात वर करून बायकोकडून मोटरी घेत होता. सतरा किलोंची एक झाली, जमली पण श्यामलाबाईंचा उजवा खांदा कुरकुरला. शेवटी आर्चींनी मागच्या खोलीतून एक लहानशी आणली. अडीच हॉर्सपॉवर, टू-स्ट्रोक, तेरा किलो. श्यामलाबाईंनी ती एका हातानं धरली, दुसऱ्या हातानं कपाटाचा आधार घेतला, आणि वाकून अलगद नवऱ्याच्या हातात दिली.

“हीच,” त्या म्हणाल्या.

“पण टू-स्ट्रोक?” शशिकांतराव उठता उठता म्हणाले. “धूर, वास...”

“एकतीस वर्षं मी कसले कसले वास घेतलेत ते तुम्हाला माहीत नाही.”

आर्चींनी सांगितलं की नियम बदलताहेत, पुढच्या वर्षापासून अशी नवी मोटर दुकानात मिळायची नाही. हिला रिव्हर्स गिअर नाही, मागं जायचं तर अख्खी मोटरच गोल फिरवायची. जोराचा वारा समोरून आला तर ती कण्हत जाईल. “पण ही कुठल्याही कुशीवर आडवी टाका, तेल सांडणार नाही,” ते म्हणाले, “आणि नीट वागवलीत तर तुमच्या-माझ्यानंतरही चालेल.” मग एक लाल दोरी दाखवली. तिचं एक टोक मोटरीच्या बटणाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. माणूस पाण्यात पडला तर दोरी ओढली जाऊन मोटर आपोआप बंद पडते.

“एकटं असताना ही बांधल्याशिवाय सुरू करायची नाही,” आर्ची म्हणाले. त्यांनी हे शशिकांतरावांकडं बघून सांगितलं. श्यामलाबाईंनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

अशी ती मोटर श्यामलाबाईंची झाली. पेट्रोलमध्ये पन्नासाला एक या प्रमाणात ऑइल घालायचं, ते त्या लॅबमधल्यासारख्या काचेच्या मोजपात्रात मोजून घालायच्या, थेंबाचा फरक नाही. सुरू करायची दोरी कशी ओढायची, गार असताना चोक किती, गरम असताना किती, हे त्यांना आठवड्याभरात जमलं. शशिकांतराव ओढायचे तेव्हा तिसऱ्या-चौथ्या खेपेला सुरू व्हायची. श्यामलाबाईंच्या हातून पहिल्या-दुसऱ्या खेपेला.

दुसरं काम आपोआप त्यांच्याकडं आलं ते डिंगी ओढत न्यायचं. बोट शिडावर चालली असताना डिंगी मागं दोराला बांधून न्यायची असते. शशिकांतरावांनी वर्तमानपत्राच्या कडेला चित्र काढून समजावलं. “बोट चालली की मागं पाण्यात उंचवटे उठतात बघ. पहिला, दुसरा, तिसरा. डिंगी दुसऱ्याच्या आपल्याकडच्या उतारावर बसली पाहिजे. मग ती घसरगुंडीवरून आल्यासारखी स्वतःच मागं मागं येते. पलीकडच्या उतारावर गेली की चढ चढायला लागते, आणि सगळा ताण दोरावर.”

श्यामलाबाई मागं बसून दोर हातभर सोडायच्या, हातभर घ्यायच्या, आणि डिंगी बरोबर जागेवर बसली की त्यांना ते हाताला कळायचं. दोर एकदम हलका व्हायचा. बंदरात शिरताना तो पूर्ण आखडून घ्यायचा, नाहीतर बोट मागं घेताना तिच्या पंख्यात गुंडाळला जातो. हेही त्यांनी एकदाही चुकवलं नाही. ‘इथं बस, तिथं सरक’ हे केव्हा बंद झालं ते दोघांनाही कळलं नाही.

आर्चींनी एक गोष्ट बजावली होती. डिंगी ओढत न्यायची असेल तर मोटर काढून बोटीवर घ्या, वल्हीही घ्या, आत काही ठेवू नका.

जूनमध्ये दोघं काइल्स ऑफ ब्यूटला गेले होते. दोन्ही बाजूंनी हिरवे डोंगर आणि मधून नदीसारखा अरुंद समुद्र. तीन दिवस ऊन होतं. चौथ्या दिवशी सकाळी नांगर उचलताना शशिकांतरावांनी विचारलं, “मोटर वर घ्यायची ना?”

श्यामलाबाईंनी आकाशाकडं पाहिलं. पाणी आरशासारखं होतं. हातात पोह्यांची कढई होती.

“राहू द्या हो. रोथसीपर्यंत दोन तासांचा तर प्रश्न.”

लॉख स्ट्रिव्हन नावाची एक लांबलचक खाडी तिथं बाजूनं येऊन मिळते. तिच्या तोंडाशी बोट आली आणि डोंगरांच्या खोबणीतून वारा असा काही खाली आला, की जणू कुणी दार उघडलं. बोट एका कुशीवर कलली, शशिकांतरावांनी सुकाणू सांभाळलं. श्यामलाबाईंनी मागं पाहिलं तेव्हा डिंगीचा पुढचा भाग हवेत उचललेला होता. एक क्षण ती शेपटीवर उभी राहिली, आणि मग पानासारखी उलटली. मोटर खाली, बूड वर.

त्या काही ओरडल्या नाहीत. “डिंगी उलटली,” एवढंच म्हणाल्या.

शिडं उतरवली, डिंगी दोरानं जवळ ओढली. शीड चढवायचा दोर तिच्या कडेच्या कडीला अडकवून दोघांनी चरखीवर ओढला तेव्हा कुठं ती सरळ झाली. मोटर जागेवर होती. स्क्रू श्यामलाबाईंनी स्वतः आवळले होते, वर एक जाड दोरीही बांधलेली होती. एक वल्हं मात्र गेलं. मोटरीतून खारं पाणी गळत होतं.

शशिकांतराव रोथसीपर्यंत सुकाणूवर बसून होते. ‘मी विचारलं होतं’ हे तीन शब्द त्यांच्याकडं तयार होते आणि श्यामलाबाई ते ऐकायला मनाची तयारी करून बसल्या होत्या. पण ते आले नाहीत. अर्ध्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, “पोहे छान झाले होते.”

श्यामलाबाईंना रडू आलं, ते तेव्हा.

रोथसीच्या धक्क्यावरून त्यांनी मोबाइलवर आर्चींना फोन लावला आणि न लपवता सगळं सांगितलं. आर्ची हळूहळू, त्यांना कळेल असं बोलू लागले.

“चालू होती का बुडाली तेव्हा?”

“नाही. बंद होती.”

“मग वाचेल. पण आत्ताच्या आत्ता. वाळू देऊ नका, वाळली की गंजते. गोड्या पाण्यानं सगळी धुवा. प्लग काढा, उलटी धरा, दोरी ओढून आतलं पाणी बाहेर काढा. पेट्रोल सगळं फेकायचं, नवं भरायचं. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल. प्लग पुसून, वाळवून लावा. आणि सुरू होईपर्यंत ओढत राहा.”

धक्क्यावर पाण्याचा पाइप होता. श्यामलाबाईंनी बाह्या वर केल्या. शशिकांतरावांनी मोटर उलटी धरली, त्यांनी प्लग काढला, दोरी ओढली. भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट शशिकांतरावांच्या चष्म्यावर. पुन्हा ओढली, पुन्हा. पाणी संपून नुसता वाफेसारखा तुषार येऊ लागला. ऑइल त्यांनी मोजपात्रानं मोजून घातलं. कार्ब्युरेटरच्या तळाचा छोटा स्क्रू काढून त्यातलंही पाणी काढलं. हे आर्चींनी सांगितलं नव्हतं, त्यांचं त्यांना सुचलं. जिथं द्रव साठतो तिथं घाण राहते, हे लॅबमधलं ज्ञान.

मग मोटर डिंगीला लावून ओढायला सुरुवात. दहा वेळा, पंधरा वेळा. शेजारच्या बोटीवरचा एक माणूस चहाचा मग घेऊन बघत बसला होता. एकविसाव्या खेपेला ती खोकली. बाविसाव्या खेपेला पांढऱ्या धुराचा लोट आला आणि मोटर फडफडत सुरू झाली. शेजाऱ्यानं मग वर उचलून त्यांना दाद दिली. श्यामलाबाई एकट्याच डिंगीत बसून बंदरात गोल गोल फिरत राहिल्या, अर्धा तास, आतलं उरलंसुरलं पाणी उडून जावं म्हणून. म्हणजे कारण ते होतं. खरं तर त्यांना थांबावंसंच वाटत नव्हतं.

पुढच्या वर्षीचा उन्हाळा. ऑगस्टमध्ये दोघं ग्रेट कंब्रे बेटावर मिलपोर्टच्या खाडीत होते. लार्ग्जच्या समोरच हे बेट, गावात आइस्क्रीमची दुकानं, भाड्याच्या सायकली, सुटीत मुलांची झुंबड. खाडीचं तोंड दक्षिणेला, आणि त्या दिवशी वारा उत्तरेचा. म्हणजे गावाकडून समुद्राकडं वाहणारा. शशिकांतरावांची पाठ दोन दिवस धरली होती. पट्टा बांधून ते केबिनमध्ये बटाटे सोलत होते.

वर बसलेल्या श्यामलाबाईंना ओरडा ऐकू आला. शेजारच्या बोटीवर एक तरुण बाप कठड्यापाशी उभा राहून हातवारे करत होता. त्याची डिंगी सुटली होती. दोर कठड्याला नुसता गुंडाळलेला असणार, गाठ नव्हतीच. आणि डिंगीत त्याची नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, मघाशी ती त्यात पडून कॉमिक वाचत होती. अंगात लाइफजॅकेट होतं, पण वल्ही नव्हती. डिंगी दीडशे वार तरी गेली होती, आणि खाडीच्या तोंडाकडं चालली होती.

बापानं पाण्यात उडी मारायला कठड्यावर पाय टाकला.

“थांबा!” श्यामलाबाई ओरडल्या. “उडी नका मारू! मी जाते.”

तो नांगर उचलायला धावला, पण नांगर तळाशी कशात तरी अडकून बसला होता.

शशिकांतराव वर आले. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “मी येतो.”

“दोघं बसलो तर वेग अर्धा होईल. तुम्ही रेडिओवर कोस्टगार्डला कळवा.”

बोलता बोलता त्या कठड्यापाशी पोचल्याही होत्या. मोटर त्यांनी एका हातानं उचलली, दुसऱ्या हातानं शिडी धरून डिंगीत उतरल्या, फळीवर बसवली, दोन्ही स्क्रू आवळले. वरून द्यायला कुणी नव्हतं, लागलंही नाही. लाल दोरी मनगटाला. चोक. पहिल्याच खेपेला सुरू.

वाऱ्याबरोबर जाणं सोपं होतं. खाडीच्या तोंडावरची दोन खडकाळ बेटं मागं पडली, आणि पुढं लाटा मोठ्या झाल्या. मुलगी डिंगीच्या तळाशी बसली होती, कॉमिक छातीशी धरून.

“उभी राहू नकोस हं!” श्यामलाबाई म्हणाल्या.

“मी नाही उभी राहिलेय,” ती जराशी रागानं म्हणाली. “बाबांनी शिकवलंय मला. तुमच्याकडं बिस्किटं आहेत का?”

“बोटीवर आहेत. नाव काय तुझं?”

“कॅट्रियोना.”

“कॅट्रियोना, तू तिथंच बस. तुझ्या होडीला मी ओढून नेणार आहे.”

पाण्यात लोंबणारा दोर त्यांनी उचलला, आपल्या डिंगीच्या मागच्या दोन्ही कड्यांतून घेतला आणि गाठ मारली. लांबी बघितली. दोर फार लहान ठेवला तर मागची होडी येऊन आदळते, फार मोठा ठेवला तर हिसके बसतात. त्यांनी एकदा सोडला, एकदा घेतला, आणि हाताला तो ओळखीचा हलकेपणा लागला. मग तोंड वाऱ्याकडं केलं.

आता मोटर कण्हू लागली. आर्चींनी सांगितलं होतं तशीच. अंगावर पाणी उडत होतं, गावातली चर्च आणि घरं होती तिथंच दिसत होती. पाच मिनिटं गेली. श्यामलाबाईंनी काठावरचा एक पांढरा खांब आणि त्यामागची एक खिडकी हेरून ठेवली होती. ती खिडकी खांबामागून अगदी सावकाश सरकत होती. म्हणजे आपण पुढं जातोय. पेट्रोल सकाळीच भरलं होतं, अजून पाऊण तास तरी पुरेल. मग घाई कशाला? सरळ वाऱ्यात जाण्याऐवजी त्यांनी डिंगी तिरकी वळवून जवळच्या काठाकडं घेतली, जिथं टेकडीच्या आडोशानं पाणी शांत असणार होतं. त्यांना त्या क्षणी भीती वाटली का, असं नंतर अनेकांनी विचारलं. त्या म्हणायच्या, वाटली, पण हात कामात होते.

काठ जवळ येऊ लागला तेव्हा लार्ग्जकडून लाइफबोटीचा नारिंगी ठिपका येताना दिसला. बघता बघता ती बाजूला येऊन ठेपली. हेल्मेट घातलेल्या एका बाईनं विचारलं, “आम्ही घेऊ का पुढं?”

श्यामलाबाईंनी मागं पाहिलं. मुलगी पुन्हा कॉमिक वाचत होती.

“येतेय की मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बरोबर राहिलात तर बरं वाटेल.”

लाइफबोटीनं वेग कमी केला आणि ती वाऱ्याच्या बाजूला राहून, लाटा अडवत, त्यांच्या संगतीनं चालत राहिली. थेट त्या मुलीच्या बोटीपर्यंत.

बापानं मुलीला वर घेतलं आणि तिला धरून तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मग श्यामलाबाईंकडं वळून म्हणाला, “माझीच चूक. गाठ...”

“गेल्या वर्षी मी याच मोटरीला जलसमाधी दिली होती,” श्यामलाबाई म्हणाल्या. “माझीच चूक. चालायचंच. संध्याकाळी या, गाठ दाखवते.”

किटिवेकवर आल्या तेव्हा शशिकांतरावांनी दोर हातात घेतला आणि नीट बांधला. चहा तयार होता, साखर दुप्पट पडली होती. दोघं शेजारी बसून चहा प्यायले.

“पाचवाली असती तर लवकर आली असतीस,” ते थोड्या वेळानं म्हणाले.

“हो,” श्यामलाबाई म्हणाल्या. “येताना दोनदा तेच मनात आलं. पण पाचवाली असती तर निघालेच नसते ना. ती तिथंच कठड्यावर लटकली असती, आणि आपण दोघं तिच्याकडं बघत उभे.”

शशिकांतरावांनी मान डोलावली. हिशेब त्यांना पटला होता.

रविवारी मिल्टन कीन्सहून मुलीचा फोन आला. ईशानी ग्लासगोतच जन्मलेली, मराठी बोलायची पण लिंगाचा आणि तिचा छत्तीसचा आकडा.

“आई, तू एकटा गेलास? बाबा कुठे होती?”

“बाबा रेडिओवर होते. आणि बटाट्यांवर.”

“तू सिक्स्टी-वन आहेस, आई!”

“हो गं. तेरा किलो उचलायला तेवढं वय चालतं.”

ईशानी हसायला लागली. “नेक्स्ट इयर मला पण शिकव. तुझा मोटर.”

ती खरंच आली, पुढच्या मे महिन्यात, आठवडाभर. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरहून श्यामलाबाईंची थोरली बहीण लीलावती आली. वय अडुसष्ट, विमानात पहिल्यांदा बसलेली, आणि पोहणं तर दूरच, तिनं कधी तलावात पायसुद्धा बुडवले नव्हते. मिलपोर्टच्या खाडीत नांगर टाकल्यावर ती कठड्याला घट्ट धरून खाली हेलकावणाऱ्या डिंगीकडं बघत राहिली. साडीवर लाइफजॅकेट, डोक्याला स्कार्फ.

“काय बाप्पा हे! हे तर फुगा आहे,” ती म्हणाली. “ह्याच्यात बसायचं?”

“बसायचं. मधोमध. मी हात देते.”

“आणि चालवणार कोण? भाऊजी?”

“भाऊजी इथंच थांबताहेत. त्यांना खिचडी टाकायची आहे.”

शशिकांतरावांनी वरून लीलावतीचा हात धरला, श्यामलाबाईंनी खालून कंबर. दोन मिनिटं बाप्पाचं नाव घेऊन झाल्यावर ती डिंगीच्या तळाशी टेकली आणि दोन्ही कडांचे दोर मुठीत धरून डोळे मिटून घेतले. श्यामलाबाईंनी लाल दोरी मनगटाला लावली. मोटर सुरू झाली. पाणी शांत होतं, ऊन पडलं होतं. खडकावर दोन सील लांब पसरून पडले होते, त्यांच्याजवळून जाताना श्यामलाबाईंनी वेग मुद्दाम कमी केला.

“डोळे उघड, ताई.”

लीलावतीनं एक उघडला. मग दुसरा. एका सीलनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं, आणि तिनं त्याच्याकडं. थोड्या वेळानं तिनं एक हात दोरावरून सोडला, बोटं पाण्यात घातली आणि झटकन काढली.

“किती थंड गं!” ती म्हणाली. मग आणखी एकदा घातली.